बोटीची वेसण

पोहता न येणारा नावाडी मी जन्मात एकच पाहिला, आमच्या धरणावरचे बापू. आणि त्याची त्यांना लाज तर नव्हतीच, उलट तोरा होता. कोणी हसलं की शांतपणे म्हणायचे, "पोहता येणारा माणूस बोटीकडं ध्यान देत न्हाई. त्याला म्हाईत असतं, बोट गेली तरी मी हाय. मला ते सुख न्हाई." मी नर्स म्हणून तिथं नवीनच बदलून आले होते, पाण्याची भीती पोटात घेऊन. पहिल्याच दिवशी हे ऐकलं आणि मनात म्हटलं, झालं आपलं कल्याण.

आमचं उपकेंद्र धरणाच्या कॉलनीला लागून होतं. समोर पूर्णेचं अडवलेलं पाणी, आणि पाण्यापलीकडं तांडा. रस्त्यानं जायचं तर शिरड शहापूरकडून वळसा, दोन गाड्या बदलायच्या आणि शेवटचा तुकडा काळ्या मातीतून पायी. पावसाळ्यात त्या मातीत बैलगाडीसुद्धा रुतून बसायची. पाण्यावरून मात्र तांड्यातल्या चुलींचा धूर दिसायचा, कुत्री भुंकलेली ऐकू यायची. त्यामुळं लोक कित्येक वर्षं गूळ करायच्या काहिलीत बसून पाणी ओलांडायचे. एवढी मोठी लोखंडी कढई, त्यात चार माणसं उकिडवी बसायची आणि एकानं काठीनं वल्हवायचं. बाळंतपणाला अडलेली बाई अशी काहिलीतून आणलेली मी स्वतः पाहिली आहे. पोटात कळा, आणि वरून सगळे ओरडताहेत की हलू नकोस.

हिंगोली परभणीतून वेगळी होऊन जिल्ह्याचं ठिकाण झाली, त्याच सुमाराला कधीतरी आमच्याकडं बोट आली. पांढरी, निळ्या पट्ट्याची, फायबरची, दहाएक माणसांची, मागं इंजिन लावायची. दोन चाकांच्या लोखंडी गाड्यावर बसून, ट्रॅक्टरच्या मागं लागून नव्या नवरीसारखी आली. ती होती पुरासाठी. पण पूर काय रोज येतो? आमचे शाखा अभियंता साहेब भले माणूस. त्यांनी तोंडी सांगून टाकलं की लसीकरणाच्या दिवशी तांड्यातल्या बायालेकरांना आणायला-न्यायला बोट वापरा, मी बघतो काय ते. आणि बोटीवर माणूस नेमला बापूंना.

उंच, काटकुळे, वर खाकी शर्ट, खाली धोतर, डोक्याला मळकट पटका. गळ्यात सुतळीनं बांधलेले, नट आवळायचे दोन पाने, ते चालताना खणखण वाजायचे. घर धनगराचं, दोघं भाऊ मेंढरं राखायचे. यांनीच कसं कोण जाणे कळप सोडून धरणावर मजुरी धरली होती. बोटीच्या प्रत्येक लोखंडाला त्यांनी जनावराचं नाव दिलं होतं. दोरी बांधायच्या खुंट्या म्हणजे शिंगं. तळातलं पाणी सोडायचं बूच म्हणजे बेंबी. आणि बोटीच्या तोंडाशी, पाण्याच्या जरा वर, स्टीलची जाड कडी होती, ती वेसण. त्या कडीला गाड्यावरच्या चरखीचा पट्टा अडकवायचा आणि चरखी फिरवून बोट पाण्यातून गाड्यावर ओढून घ्यायची. आख्ख्या बोटीचं वजन त्या एका कडीवर. बापू म्हणायचे, "बैल केवढाबी दांडगा असू द्या बाई, शेवटी नाकातल्या दोरीनंच चालतो."

बोटीत चढायचं तर चपला काढून. कोणी का असेना. एकदा हिंगोलीहून एक बडे साहेब पाणी बघायला आले, पायात चकचकीत बूट. बापूंनी हात जोडून सांगितलं, बूट काढा. साहेब म्हणाले, हे काय देऊळ आहे का? बापू गाड्याच्या दांड्यावर बसले, फडकं सोडलं आणि भाकरी खायला लागले. अभियंता साहेबांना घाम फुटला. कोणीतरी इंजिन चालू करायला धावलं, तर पेट्रोलची नळी बापूंच्याच खिशात. भाकरी संपत आली तेव्हा बड्या साहेबांनी बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी हे एवढं भोक, आणि सगळे आभाळाकडं बघून राहिलेले. परत आल्यावर साहेबांनी कारण विचारलं, तर बापू म्हणाले की बुटाच्या तळव्यात खडा असतो, खडा फायबरला घासतो, घासलं की पाणी शिरतं. "देवळाचं काय, देव घासून झिजत न्हाई," असंही वर ऐकवलं.

बोटीला कोणी होडी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. होडी लाकडाची, ही बोट. आणि या फायबरवर त्यांचा फार विश्वासही नव्हता. म्हणायचे, "लोखंड कुरकुरतं, लाकूड करकरतं, हे मुकं हाय. मुक्या जनावराचं दुखणं मालकानं वळखावं लागतं." म्हणून निघायच्या आधी ते बोटीला चारी बाजूंनी बोटाच्या सांध्यानं ठोकून बघायचे, मडकं घेताना बघतात तसं, कान लावून. मग गळ्यातले पाने काढायचे आणि एकेक नट आवळायला घ्यायचे. शिंगांचे, मागच्या कड्यांचे, आणि सगळ्यात शेवटी वेसणीचे. वेसणीचे नट आतून, बोटीच्या तोंडातल्या अंधाऱ्या कप्प्यात. तिथं दिसत काही नाही. पालथं पडून खांद्यापर्यंत हात घालायचा आणि अंदाजानं पाना लावायचा.

इथं आमची भांडणं व्हायची. ज्यांना इकडं येणं जमत नसे त्यांच्यासाठी तांड्यावर न्यायची लस माझ्या डब्यात, लसीभोवती बर्फ, वरून ऊन. मी काठावर उभी आणि हे पालथे पडून पाना फिरवून राहिलेले. मी तोंडाची फटकळ. म्हणायची, बापू, बर्फाचं पाणी झालं, आता बोट आवळता का माझा गळा आवळता? ते आतूनच म्हणायचे, थांबा बाई, फिरून राहिलाय. नट जरासा जरी फिरला तरी त्यांना कोण समाधान. बाहेर येऊन सांगायचे, फिरला बगा, बरं झालं बगितलं. दर खेपेला तो नट थोडा फिरायचाच. त्यांना वाटायचं, आपण बघतो म्हणून बोट टिकून आहे. आणि मलाही, खोटं कशाला बोलू, तेच वाटायला लागलं होतं.

दुसरी गोष्ट नारळाची. खंडेनवमीला आपल्याकडं सगळे हत्यारं-अवजारं पुजतात, मोटारी-इंजिनांना हार घालतात, तेवढं सगळीकडं होतं. बापू मात्र दर अवसेला बोटीची पूजा करायचे. गाड्यावर बोट उभी असायची, वेसण बरोबर छातीच्या उंचीला यायची. कडीला हळदकुंकू लावायचं, आणि नारळ तिच्यावरच फोडायचा. दगडावर नाही, जमिनीवर नाही, कडीवर. आणि तोही एका घावात फुटला पाहिजे. हात पार डोक्यामागं नेऊन असा हाणायचे की खणकन आवाज कॉलनीभर जायचा. खोबरं सगळ्यांना वाटायचे, पलीकडच्या लेकरांसाठी वेगळं बांधून ठेवायचे. तांड्यातल्या म्हाताऱ्या बोटीत पाय ठेवायच्या आधी विचारायच्या, अवसेचा नारळ झाला का? झाला म्हटलं की बसायच्या. तांड्याचे नायक तर म्हणायचे की आमचे आजे-पणजे पाठीवर ओझी लादलेले लदनीचे बैल घेऊन देशभर हिंडले, पण टोळीतला पुढचा बैल पुजल्याशिवाय एक पाऊल टाकलं नाही.

आणखी एक लाड होता. आमच्या बाजूचा काठ म्हणजे गुडघाभर गाळ. त्यातून पोटुशी बाई, कडेवर लेकरू, कशी चालणार? म्हणून बापू त्यांना उतरवतच नसत. बायका आत बसलेल्या असतानाच बोटीला चरखीचा पट्टा लावायचे आणि माणसांसकट बोट हळूहळू गाड्यावर ओढून घ्यायचे. मग ट्रॅक्टरनं गाडा वर मुरमावर आला की हात धरून कोरड्यात उतरवायचे. तांड्यातल्या बायकांना याचं मोठं अप्रूप. सरकारी दवाखान्यात कोणी बसा म्हणत नाही, आणि इथं पालखीतून उतरवतात.

पावसाळा सरत आला होता, धरण काठोकाठ. लसीचा दिवस. मी बोटीतच होते, तांड्यातल्या चार बायका आणि त्यांची लेकरं घेऊन आलेली. त्यातली एक अगदी कोवळी पोरगी, पहिलटकरीण, मांडीवर दोन-अडीच महिन्यांचं पोरगं. बापूंनी पट्टा अडकवला, चरखी फिरवायला घेतली. बोटीचं तोंड वर चढलं, शेपूट अजून पाण्यात. अर्ध्यावर आली असेल नसेल, पुढून असा आवाज आला की जाड कापड टरकन फाडावं. कडी उपटून निघाली. पट्ट्यासकट उडाली ती बापूंच्या गालफडावर बसली. आणि बोट जी मागं घसरली, ती इंजिनाच्या बाजूनं पाण्यात गेली. मागून पाणी भसाभसा आत आलं.

बायका ओरडल्या, सगळ्या एकाच बाजूला सरकल्या, बोट कलंडली. मी पाण्यात पडले, पायाखाली गाळ लागत नव्हता. त्या कोवळ्या पोरीचं लेकरू तिच्या हातातून सुटलं. मला फक्त पिवळं झबलं दिसलं, पाण्याच्या खाली जाताना. मी हात घातला, त्याचा पाय हाताला लागला, ओढलं आणि बोटीची कड धरत धरत उथळात आले. पालथं करून पाठीवर थापट्या मारल्या. पोरगं निळं पडलं होतं. मी किती घाबरले होते ते आता सांगूनही खरं वाटायचं नाही. मी रडत होते आणि थापट्या मारत होते. मग त्यानं ओकारी काढली आणि टाहो फोडला.

वळून बघते तर बापू पाण्यात. हनुवटीपर्यंत. ज्याला पोहता येत नाही असा माणूस बोटीच्या मागं जाऊन, खांदा लावून तिला उचलून धरून उभा होता. गालातून रक्त पाण्यात पडत होतं. शेवटची बाई काठावर गेली तरी ते बाहेर येईनात. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं दोरी टाकून त्यांना ओढून काढलं.

कोणी दगावलं नाही. पण तांड्यात दुसऱ्या दिवशी एकच बोलणं. मागच्या अवसेचा नारळ आतून नासका निघाला होता, आठवतंय का? बोट रुसली. नायकांनी निरोप धाडला की जोवर बोटीची नीट पूजा होत नाही, कडीवर पाच नारळ फुटत नाहीत, तोवर तांड्यातलं कोणी तीत पाय ठेवणार नाही. आणि गुऱ्हाळावरची काहील पुन्हा पाण्यात आली. तांड्यात तीन बाया दिवसांत होत्या, कधीही कळा येतील अशा. रोज सकाळी मी काठावर येऊन बघायची, काहील दिसतेय का. दिसली की तिच्यात कोणी पोटुशी बसलीय का, ते डोळे ताणून बघायची.

बापूंनी जेवण सोडलं. मी एकदा रागावले, बापू, तुमी उपाशी राहून कडी बसणार आहे का? ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं मला बाजूला घेऊन सांगितलं. धरण पहिल्यांदा भरलं तेव्हा बापूंची थोरली बहीण, जिनं त्यांना आईच्या मागं वाढवलं, काहिलीतून येत होती. सोबत दोन करडं. एक करडू बिचकलं, उडी मारली, काहील कलली. बापू काठावर उभे होते. पोहता येत नव्हतं. त्यानंतरच त्यांनी मेंढरं सोडली आणि धरणावर आले. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर बर्फावरून इतकं बोलले नसते, असं वाटून गेलं. पण बोललेच असते म्हणा, माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

अभियंता साहेबांनी वसमतहून फायबरचा मिस्त्री बोलावला. तो मूळचा कूलरच्या टाक्या नि मोटारींचे बंपर बनवणारा, पण मुंबईकडं बोटींच्या कारखान्यात काम करून आलेला. बडबड्या, तोंडात सुपारी, निम्मं दख्खनी निम्मं मराठी. कडी जिथून उपटली तिथं बोटीच्या तोंडाला मुठीएवढं भगदाड पडलं होतं. त्यानं आतला कप्पा कापून उघडला, बॅटरी मारली, हात घातला आणि मूठ भरून काहीतरी बाहेर काढलं. काळं, ओलं, लिबलिबीत. बापूंच्या तळहातावर ठेवलं.

"चाचा, ये लकडी थी. अब चायपत्ती है."

फायबरच्या आत, कडीच्या नटांना आधार म्हणून जाड फळी बसवलेली असते. पातळ फायबरवर एवढं वजन पेलत नाही, फळीवर पेलतं. ती फळी कुजून चोथा झाली होती. बापूंनी विचारलं की पाणी शिरलं कुठून, एवढं मी जपत होतो. मिस्त्रीनं भगदाडाच्या कडेवर ओलं कापड फिरवलं आणि थोडी हळद चोळली, कॉलनीत हळद काही दूर नव्हती. पांढऱ्या फायबरवर कडीच्या जागेभोवती बारीक पिवळ्या रेघा उमटल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या सगळीकडं पसरलेल्या. मिस्त्री म्हणाला, इथं कोणीतरी दणके घातलेत. एकदा नाही, पुष्कळदा. कडी आत दाबली गेली की कवच तडकतं, दिसत नाही, पण पाणी वाट काढतं.

मी बापूंकडं बघितलं. मला समजलं होतं, त्यांनाही समजलं होतं. मिस्त्रीला ठाऊक नव्हतं, तो बोलत राहिला. त्यानं विचारलं की नट दर खेपेला फिरायचे का? बापू म्हणाले, फिरायचे की, म्या आवळत होतो. मिस्त्रीनं सुपारी थुंकली. साधेपणानंच बोलला, टोचून नाही. पक्क्या लाकडावरचा नट एकदा बसला की बसला, तो पुन्हा फिरत नाही. फिरतोय म्हणजे खालचं लाकूड मऊ पडतंय आणि नट आत घुसतोय. पहिल्यांदा फिरला तेव्हाच उघडून बघायला पायजे होतं.

बापू गाड्याच्या दांड्यावर बसले. हातातला चोथा त्यांनी टाकला नाही. मला म्हणाले, "बाई, मी बगतो म्हणून टिकलीय असं वाटत होतं मला."

दुरुस्तीला आठवडा लागला. मी रोज लसीची कामं उरकून तिथं जाऊन बसायची. मिस्त्रीनं कुजकं सगळं खरवडून काढलं, आत दिवे लावून वाळवलं. घासून घासून निबर फायबर लागेपर्यंत गेला. सागाची जुनी, वाळलेली फळी आणली, ती रेझिनमध्ये, म्हणजे वाळून दगड होणाऱ्या डिंकात, मुरवली आणि आतून चिकटवली. तिच्यावर काचेच्या धाग्यांची मॅट, रेझिन, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. बाहेरचं भगदाड तसंच थर देऊन भरलं. त्या रेझिनच्या वासानं डोकं चढायचं. मग कडीसाठी भोकं पाडायची वेळ आली तेव्हा त्यानं हवी त्याहून मोठी भोकं पाडली. बापू घाईनं म्हणाले, अहो, ढिली होईल. मिस्त्री हसला. ती भोकं त्यानं रेझिननं पुरती भरून टाकली, वाळू दिली, आणि भरल्या जागेत मधोमध पुन्हा बारीक भोक पाडलं. आता पाणी भोकात शिरलं तरी चारी बाजूंनी रेझिनच, लाकडाला त्याची गाठच पडणार नाही. बापूंनी त्या भोकात बोट घालून बघितलं, आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

नवी कडी, तिच्याखाली आतून रुंद स्टीलची पट्टी, सगळीकडं पाणी रोखायचा मसाला लावलेला. मिस्त्रीनं पाना बापूंच्या हातात दिला, बसवा म्हणाला. बापू आवळू लागले. कडीच्या बुडातून मसाला जरा बाहेर आला. मिस्त्री म्हणाला, बस. बापूंचा हात थांबेना. बस म्हणतोय ना चाचा, आता मसाला वाळू द्या, उद्या अर्धा फेरा, मग जन्मभर हात लावायचा नाही. सगळाच मसाला पिळून काढला तर पाणी कोण अडवणार? बापूंनी पाना काढला, पण पुन्हा लावला. शेवटी मिस्त्रीनं हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला. ज्या माणसानं आयुष्यभर आवळणं हीच माया समजली त्याला थांब म्हणणं किती अवघड, ते मी त्या दिवशी बघितलं.

अवस आली. नायकांचा निरोप होताच, पाच नारळ घेऊन आम्ही काठावर थांबतो, बोट पलीकडं आणा. मला धास्ती की हे पुन्हा कडीवरच फोडतील. आणि नाही फोडले तर कोणी बसणार नाही, आणि त्या तीन बायांना काहिलीवाचून गती नाही. मी बापूंना सुचवलंही, की काहीतरी सांगू, मिस्त्रीनं नवी कडी लावलीय तर हिला नारळ चालत नाही असं. ते फक्त म्हणाले, न्हाई.

बोट तांड्याच्या काठाला लागली. सगळा तांडा जमलेला. नायक पुढं, टोपलीत नारळ. ती कोवळी पोरगीही मागं उभी होती, पोरगं पाठीशी बांधून. बापू उतरले. एक नारळ उचलला, बोटीकडं पाठ केली, काठावरच्या काळ्या दगडापाशी गेले आणि तिथं फोडला. त्याचं पाणी ओंजळीत धरून आणलं आणि कडीवर नुसतं शिंपडलं. लोक कुजबुजले. नायकांनी विचारलं, हे काय चालवलंय?

बापूंनी पटका काढून हातात घेतला.

"नारळ नासका होता म्हणून काई झालं न्हाई. बोट रुसली न्हाई. ती कडी म्या उपटली. दर अवसेला नारळ हाणून हाणून म्या तिला तडा पाडला. पाणी आत गेलं, लाकूड कुजलं. अन नट फिरतोय म्हणून खूश होऊन त्या कुजक्या लाकडात म्याच तो घुसवला. तुमची लेकरं माझ्या हातानं पाण्यात गेली. आता बोट पक्की झालीय, मिस्त्रीनं केलीय. पर नावाडी दुसरा मागा. साहेबाला मी सांगतो."

इतका सरळ माणूस, आणि इतक्या लोकांपुढं. नायकांनी टोपलीतल्या उरलेल्या नारळांकडं बघितलं. ते चिडलेले नव्हते, गोंधळले होते. म्हणाले, कडीला नारळ नाही, वर नावाडी नवा. मग बायकांनी बसायचं कोणाच्या भरवशावर?

ती कोवळी पोरगी गर्दीतून पुढं आली. तांड्यात सुना नायकापुढं बोलत नसत. तिनं पदर पुढं ओढला आणि बापूंनाच म्हणाली, "नारळाकडं बघून मी कवाच बसले न्हाई. मला पान्याचं लई भ्याव वाटतं. तुमी सारखं हे आवळता, ते आवळता, तुमच्याकडं बघून बसत होते. आता तुमीच उठून चाललात तर मी कोणाकडं बघू?"

बापू तिच्याकडं बघत राहिले. मला वाटतं, ओझं उतरवायलाच ते तिथवर आले होते, आणि या पोरीनं ते उचलून पुन्हा त्यांच्याच डोक्यावर ठेवलं. त्यांचे ओठ हलले. मग इतक्या हळू बोलले की शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं.

"मग तर लई अवघड झालं, माय."

ती तवर लेकरासकट बोटीत जाऊन बसली होती, आणि तिच्या मागून त्या तिघींतली एक पोटाला हात लावून चढत होती.